गणपती झाल्यावर सभा सुरू झाली

आमच्या घरमालकांच्या घरात साधी मुगाची खिचडी करायची असली तरी ठराव मांडावा लागे.

"सूचक मी," नाना ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसून म्हणत. "अनुमोदक कोण?"

आतून नानींचा आवाज येई, "विरोध! मंगळवारीच खिचडी झाली."

"विरोधाचं कारण लेखी देणार की तोंडी?"

मग नानी हातातली पळी घेऊन बाहेर येत आणि ती नानांच्या नाकासमोर धरत. "हे घ्या लेखी."

शेवटी खिचडीच होई, कारण डाळ-तांदूळ नानींनीच आधी धुऊन ठेवलेले असत. पण अनुमोदन त्यांनी कधी दिलं नाही. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, नानींनी नानांच्या एकाही ठरावाला "हो" म्हटल्याचं मला आठवत नाही. एकदा सोडून. त्या एका वेळेबद्दल शेवटी लिहीन.

मी लग्न होऊन भुसावळला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर नरडाण्याजवळचं खेडं. चौथी झाली आणि शाळा सुटली. हे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. सासरे, म्हणजे आमचे आबा, गार्डाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. एक नणंद, ती शाळेत जायची. माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मी तिला अक्काच म्हणे. सासूबाई नव्हत्या. नानांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्याने होत्या.

माहेरी आम्ही अहिराणी बोलायचो. भुसावळकडची बोली वेगळी. मी "आहे"च्या जागी "शे" म्हटलं की नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मुळात मी बुजरी, त्यात हे. मी बोलणंच कमी केलं. लागेल तेवढं खाली मान घालून बोलायचं, बाकी मुंडी हलवायची.

पण त्या घरात पहिल्यांदा उतरले तो दिवस मला लख्ख आठवतो. टांग्यातून ट्रंक उतरवली. दारात एक उंच, सडसडीत गृहस्थ उभे होते. ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या गळ्यात लोकरीचा गळपट्टा, निळा आणि केशरी. मला वाटलं, यांना बरं नसेल. त्यांनी हात जोडले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "या."

लग्नात ठेवलेलं सासरचं नाव नव्हे. ते तर मलाच अजून ओळखीचं झालं नव्हतं, कुणी हाक मारली तर मी मागे वळून बघायची. त्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पुढे बऱ्याच महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "नाना, तुम्हाला माझं ते नाव कुणी सांगितलं होतं?"

"मंडळ आधी चौकशी करतं," नाना म्हणाले.

गल्लीत नानांना त्यांच्या नावाने कुणी ओळखतच नसे. त्यांना "मंडळ" म्हणत. "मंडळ बाजारात चाललं." "मंडळ आज छत्री विसरलं वाटतं." आणि नानींना अर्थातच "मंडळाची मंडळी". नानांना हे माहीत होतं. त्यांना राग येत नसे. "संस्था माणसापेक्षा मोठी झाली, चांगलंच आहे," म्हणत.

मंडळ म्हणजे काय ते मला समजायला वर्ष गेलं. नाना तरुणपणी कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले होते. तिथे ज्या ज्या गावात आपल्याकडची मुलं शिकायला असत, त्या त्या गावात त्यांचा एकेक संघ होता. आणि या सगळ्या संघांच्या वर एक मध्यवर्ती मंडळ. मुलगा मद्रासचा असो, पंजाबचा असो की आसामचा, इथून शिकायला गेला की तो मंडळाचा. त्याला बोटीवरून उतरवून घ्यायचं, खोली बघून द्यायची, आजारी पडला तर त्याच्याजवळ बसायचं, कॉलेजशी भांडण झालं तर त्याच्या बाजूने बोलायला जायचं, ही मंडळाची कामं. नाना त्या मंडळाचे सेक्रेटरी होते. मध्येच लढाई सुरू झाली आणि ते तिकडेच अडकले. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा गेलेले, ते देश स्वतंत्र झाला त्या साली परत आले. तोवर नानी सासूजवळ.

आणि एवढं करून परीक्षा दिलेली नव्हती. पदवी नव्हती. परत आल्यावर एका कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागले, सरकीची पोती किती आली, रुईच्या गाठी किती गेल्या ते लिहायला. गल्लीत म्हणत, "इतकी वर्षं विलायतेत राहिला आन् काय आणलं? मंडळ!"

नाना या बोलण्याला उत्तर देत नसत. परीक्षा का दिली नाही, हे कुणी विचारलं तर म्हणत, "तो विषय सभेपुढे नाही."

त्यांना कुठेही चार माणसं एकत्र दिसली की त्यांची सभा करावीशी वाटे. एकदा नळावर दोघींचं जुंपलं. घागरी आपटल्या, एकमेकींच्या सात पिढ्या निघाल्या. नाना आंघोळीचा पंचा खांद्यावर टाकून तसेच बाहेर गेले आणि नळाच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "भांडण चालू ठेवा. फक्त एक नियम. एकमेकींकडे बघून बोलायचं नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून बोलायचं. अध्यक्ष मी."

पहिली थोडी थांबली. मग नानांकडे तोंड करून ओरडली, "अध्यक्ष महाराज, ही सटवी रोज माही घागर सरकवते!"

दुसरी म्हणाली, "अध्यक्ष महाराज, या भवानीले सांगा, नळ तिच्या बापानं नाही बांधला!"

"नोंद घेतली," नाना म्हणाले. "पुढे."

तिसऱ्या वाक्याला भवानीलाच हसू फुटलं. मग सटवीला. त्यानंतर कित्येक वर्षं त्या नळावर कुणी तावातावाने बोलायला लागलं की दुसरी म्हणायची, "अध्यक्षाले सांग, बाई." त्यातच अर्धं भांडण मिटायचं.

मला या सगळ्यात ओढलं ते एका पोस्टकार्डाने. माहेरी लिहिलेलं कार्ड पेटीत टाकायला म्हणून मी नानींजवळ दिलं, ते नानांच्या हातात गेलं. मजकूर त्यांनी वाचला नसेल, पण पत्ता बघून तिथेच उभे राहिले. "हे अक्षर कुणाचं?"

मी दाराआड.

"असं गोल, एका रेषेतलं अक्षर मंडळाच्या दप्तरातसुद्धा नव्हतं," ते म्हणाले. "या घराला इतिवृत्त लेखिका मिळाली."

दर रविवारी चार वाजता ओसरीवर घराची सभा भरे. नाना, नानी, आबा, हे, अक्का आणि मी. विषय म्हणजे विहिरीचा दोर कुणी बदलायचा, गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची पाळी कुणाची, शेजारच्या बकरीचं काय करायचं. सभेत जे होईल ते मी वहीत लिहायचं. नानांनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला. "बोललेलं लिहायचं. वाटलेलं लिहायचं नाही. आपल्याला काय वाटलं ते मनात ठेवायचं, दुसऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायला जायचं नाही. जे तोंडातून बाहेर आलं तेवढंच खरं."

मी घाबरून घाबरून लिहिलं. माणसं जमल्यावर नाना म्हणाले होते, "गणपूर्ती झाली, सभा सुरू." हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला जे ऐकू आलं ते मी लिहिलं. पुढच्या रविवारी नानांनी मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला घेतलं. "गणपती झाल्यावर सभा सुरू झाली."

ते थांबले. पुन्हा मनात वाचलं.

आबांनी विचारलं, "काय झालं? काही चुकलं का?"

"शब्द गणपूर्ती असा आहे," नाना म्हणाले. "म्हणजे सभेला लागतात तेवढी माणसं जमणं. तेवढी जमल्याशिवाय सभा सुरू करता येत नाही."

आबा म्हणाले, "मग सूनबाईचं काय चुकलं? आपल्या इकडे गणपतीबिगर कोन्तं काम सुरू होते?"

नानांनी चष्मा काढला. पुसला. मग चष्मा घातला आणि म्हणाले, "मुद्दा मान्य." त्यांनी ती ओळ खोडली नाही. उलट त्या दिवसापासून सभेत माणसं मोजून झाली की आपणच विचारायचे, "गणपती झाला का?" माझी चूक अशी सगळ्यांच्या तोंडी बसली. मला आधी लाज वाटे, मग हसू यायला लागलं.

आता गळपट्ट्याचं सांगते, कारण त्यावरून लोक त्यांना सगळ्यात जास्त हसत. भुसावळच्या उन्हाळ्यात कौलावरची चिमणी खाली पडते आणि हा माणूस महिन्यातून एक-दोनदा लोकरीचा गळपट्टा गुंडाळून स्टेशनवर जायचा. बरोबर डबा. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि पुऱ्या, उन्हाळ्यात केळी आणि शेव.

त्याचं असं होतं. नानांच्या वेळची मुलं शिकून परत आली होती. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनियर, कुणी कॉलेजात शिकवायला. कलकत्त्याहून, नागपूरहून मुंबईला जाणारा माणूस भुसावळवरून जायचाच, आणि तिथे इंजिन बदलायला, पाणी भरायला गाडी बराच वेळ थांबायची. त्यांचं आधी कार्ड येई, "अमक्या दिवशी जातो आहे." नाना हजर. तो गळपट्टा मंडळाचा होता. गाडीच्या खिडकीतून लांबूनही ओळखू यावा म्हणून ते तो घालत. नाना म्हणायचे, "परक्या गावात उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणी नावाने हाक मारली, तर तो माणूस तिथे टिकतो. मंडळाचं काम एवढंच. बाकी सगळं त्या हाकेच्या पुढचं."

नानी डबा भरून देत, पण स्टेशनवर जात नसत. "आठ-नऊ वर्षं या मंडळानं मले इचारलं नाही, मी काहाले जाऊ त्याच्या भेटीले?" असं म्हणत. भरीत मात्र त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही. डबा धरायला म्हणून कधी कधी मी नानांबरोबर जाई आणि खांबाजवळ उभी राही. घरी आल्यावर कोण आलं, काय बोललं ते मी वहीत लिहावं असं नानांनीच सांगितलं होतं. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, "बाहेरगावचे सभासद".

एका खेपेला नागपूरचे एक डॉक्टर उतरले. चांगले भरदार, सुटाबुटातले. उतरले आणि भर प्लॅटफॉर्मवर नानांच्या पायाशी वाकले. नाना इतके गडबडले की डबा माझ्या हातातून घेऊन परत माझ्याच हातात दिला. डॉक्टरांनी उभ्या उभ्या भरीत खाल्लं. खाता खाता माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांनी तुम्हाला सांगितलं नसेलच. मी तिकडे गेलो आणि पहिल्याच महिन्यात विषमज्वराने पडलो. घरमालकिणीने बाहेर काढलं. यांनी मला आपल्या खोलीत नेलं, आपल्या खाटेवर निजवलं आणि स्वतः खुर्चीत बसून राहिले. यांची शेवटची परीक्षा त्याच आठवड्यात होती. मी शुद्धीवर आलो तेव्हा परीक्षा होऊन गेली होती."

"पुढच्या वर्षी द्यायची ना मग," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पुढच्या वर्षी दुसरा कुणी तरी आजारी होता," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तो विषय सभेपुढे नाही," नाना जवळजवळ ओरडलेच. मग माझ्याकडे वळून, "हे इतिवृत्तात घ्यायचं नाही."

मी मान हलवली. घरी आले, वही उघडली. बोललेलं लिहायचं, हा नियम त्यांचाच. हे घ्यायचं नाही, हाही हुकूम त्यांचाच. मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि तिथे डॉक्टरांचा शब्द न् शब्द लिहिला. पण पेन्सिलीने लिहिला, म्हणजे वाटलं तर खोडता येईल. ते मी कधी खोडलं नाही. त्या घरात मी केलेली ही एकच बेइमानी.

तोवर अक्का मोठी झाली होती. भुसावळहून रोज गाडीने जळगावच्या कॉलेजात जायची. वनस्पतींचा विषय घेतला होता. केळीच्या बागा रोगाने कशा जातात आणि त्यावर काय करता येईल, हे शिकायचं तिच्या डोक्यात होतं. आमच्या मूळ गावी, एदलाबादकडे, सगळ्यांच्या केळीच. नानांनी तिच्याकडून अर्ज करवून घेतले, इंग्रजी पत्रं दहा दहा वेळा लिहून घेतली. आणि विलायतेतल्या एका विद्यापीठातून तिला बोलावणं आलं, शिष्यवृत्तीसह. महिना संपायच्या आत होकार कळवायचा होता.

ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी अक्का स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, आबा नाही म्हणाले तर मी काही बोलणार नाही. पण मग मी पुन्हा पुस्तकही उघडणार नाही."

आबांचं मन तयार होत होतं, पण पूर्ण होत नव्हतं. त्यांनी गावाहून आपल्या चुलतभावाला बोलावून घेतलं. हे आमचे काका. घरातल्या मोठ्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय होत नसत. रविवारी चार वाजता ओसरीवर सभा भरली. मी नेहमीसारखी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, वही मांडीवर घेऊन बसले. अक्का माझ्या मागे, भिंतीकडे तोंड करून. नानांनी माणसं मोजली. "गणपती झाला," म्हणाले. काकांनी चमकून इकडेतिकडे पाहिलं, गणपती कुठे दिसेना.

नानांनी ठराव मांडला. अक्काला शिक्षणासाठी जाऊ द्यावं. "सूचक मी. अनुमोदक?"

काका म्हणाले, "थांबा जरा, सेक्रेटरी. पहिले मले एक सांगा. बोट लागली, पोरगी उतरली. तठी तिले उतरून घ्यायले कोन येईन?"

"मंडळ."

"कोन्तं मंडळ? तुमी तर अठी बसेल हा."

आबा गालात हसले. पण काका हसले नाहीत. "मंडळाचा कागद दाखवा. आमी तुमच्या पोरीले घेऊन जाऊ, असं लिहेल."

नाना म्हणाले, "मी पत्र टाकलं आहे. उत्तर यायचं आहे."

"तठी आता कोन हाये ते तरी माहीत हाये का तुमाले?"

"नाही," नाना म्हणाले. खोटं त्यांना येत नसे. "दर वर्षी नवी मुलं येतात, जुनी जातात. आता कोण आहे ते मला माहीत नाही. पण मंडळ आहे."

"म्हंजे तुमच्या तोंडात हाये," काका म्हणाले. "राग नका धरू, पन जो मानूस तठी जाऊन सोताची परीक्षा नाही देऊ शकला, त्याच्या भरवशावर पोरीले पाठवा?"

तो विषय सभेपुढे नाही, हेसुद्धा नाना म्हणाले नाहीत. खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, ती बांधलेलीच होती. मी त्या माणसाला असं कधी पाहिलं नव्हतं.

मी उभी राहिले. कशी राहिले ते मला सांगता येणार नाही. वही छातीशी धरून चौकटीच्या बाहेर आले. सासऱ्यांसमोर, चुलत सासऱ्यांसमोर. बोलायला तोंड उघडलं आणि सगळी शिकलेली बोली पळाली.

"आठे बठ्ठं लिखेल शे," मी म्हणाले. इथे सगळं लिहिलेलं आहे.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

मी "बाहेरगावचे सभासद" वाचायला सुरुवात केली. कोण कधी उतरलं, कुठे नोकरीला आहे, काय बोललं. एक जण म्हणाला होता की बोटीवरून उतरलो तेव्हा धुकं इतकं होतं की स्वतःचे हात दिसत नव्हते, आणि त्या धुक्यातून माझं नाव ऐकू आलं. एक जण म्हणाला होता की मला शाकाहारी जेवण मिळावं म्हणून हे गृहस्थ कॉलेजच्या मुख्याशी तासभर भांडले. अक्षर माझंच होतं, अडले नाही. मग शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीचं.

"ते नको," नाना म्हणाले. "ते मी घ्यायचं नाही म्हटलं होतं."

मी थांबले. मग आबांनी सांगितलं, "वाच, सूनबाई."

मी वाचलं. विषमज्वर, खाट, खुर्ची, परीक्षा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तरी आजारी होता, इथपर्यंत सगळं. वाचून झालं तेव्हा आतल्या बाजूला भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. नानी चौकटीत येऊन उभ्या होत्या. हे त्यांनाही आजवर माहीत नव्हतं. ते मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं.

आबांनी घसा साफ केला. गार्डाची शिट्टी वाजवायच्या आधी करत असतील तसा. म्हणाले, "सेक्रेटरी, ठराव पुन्हा मांडा."

नाना सरळ बसले. "सूचक मी. अनुमोदक?"

मी अजून उभीच होते.

"मनं अनुमोदन शे," मी म्हणाले.

काकांनी आबांकडे पाहिलं. "सून बोलली! तेबी अहिरानीत!"

"समजलं का नाही तुले?" आबांनी विचारलं.

"समजलं ना."

"मंग झालं तर. ठराव पास."

अक्का गेली. निघायच्या दिवशी नानांनी आपला गळपट्टा घडी करून तिच्या हातात दिला. "बोटीवरून उतरताना गळ्यात घाल. तिकडे थंडी असते, कुणी हसणार नाही," म्हणाले. मंडळाचं उत्तर ती निघेपर्यंत आलं नव्हतं. आबा वरून काही दाखवत नव्हते, पण पोस्टमन दिसला की ओसरीच्या पायऱ्या उतरत. नाना जिनात जाताना आणि येताना माझ्याकडे बघत. मी मान हलवून "नाही" म्हणे.

तिचं पहिलं पत्र आलं ते चार ओळींचं. सुखरूप उतरले, सविस्तर मागाहून. मग थंडीच्या सुरुवातीला जाड पाकीट आलं. पत्र माझ्या नावाचं होतं, माझ्या माहेरच्या नावाचं. नाना म्हणाले, "पत्र लेखिकेला आहे, लेखिकेनेच वाचायचं." काही कामाने काका आलेले होते. त्यांच्यासकट सगळ्यांसमोर मी वाचलं.

अक्काने लिहिलं होतं, "वहिनी, बोट लागली तेव्हा नुसती गर्दी. मी गळपट्टा घालून, ट्रंकेवर हात ठेवून उभी होते. पाच मिनिटंही झाली नसतील, कुणी तरी माझं नाव घेऊन हाक मारली. उच्चार चुकीचा होता, पण नाव माझंच. केरळातला मुलगा होता, मंडळाचा. नानांचं पत्र त्यांना मिळालं होतं, पण उत्तर लिहायचं काम ज्याच्याकडे होतं तो परीक्षेत होता. मला हसू आलं. सगळेच सेक्रेटरी नानांसारखे नसतात."

आबा काकांकडे बघून म्हणाले, "कागद पाह्यजे होता ना तुले? हा घे."

काकांनी खरंच पाकीट हातात घेतलं, वरचं तिकीट निरखलं आणि म्हणाले, "पुढं वाच, पोरी."

पुढे असं होतं. "मागच्या आठवड्यात मंडळाची वार्षिक सभा झाली. गावोगावच्या संघांची मुलं आली होती. अध्यक्ष मद्रासकडचा. इंग्रजीत बोलता बोलता त्याने डोकी मोजली आणि एकदम म्हणाला, 'गणपती झाला, सभा सुरू करू या.' मी उडालेच. शेजारच्या पंजाबी मुलीला विचारलं, याने काय म्हटलं? ती म्हणाली, पुरेशी माणसं जमली की आमच्या मंडळात असंच म्हणतात. कुठल्या भाषेतलं आहे ते कुणालाच माहीत नाही. वहिनी, मग मी उभी राहिले आणि सांगितलं की ही भाषा कुठली, हा शब्द कुणाचा आणि तो कसा झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्यासाठी."

मला पुढचं अक्षर दिसेना. मी कागद खाली ठेवला. "नाना, तुम्ही कळवलं होतं?"

"वार्षिक पत्रात," नाना चष्मा पुसत म्हणाले. "किरकोळ बाबी. त्यांना उपयोगी वाटेल असं वाटलं नव्हतं." चष्मा पुसून झाला तरी ते पुसतच होते. मग खुर्चीत ताठ बसले. "एक ठराव आहे. आपल्या पहिल्या इतिवृत्तातली पहिली ओळ जशी आहे तशीच कायम ठेवावी. ती दुरुस्त करण्याचा अधिकार यापुढे कुणालाही नसावा. सूचक मी. अनुमोदक?"

आबा हात वर करणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"माह्यं अनुमोदन हाये."

नाना खुर्चीतच वळले. नानी चौकटीत उभ्या होत्या. हातात पळी होती, पण ती खाली धरलेली.

"पुन्हा सांगता?" नाना म्हणाले. "लेखिकेला ऐकू आलं नसेल."

"तिले आलं ऐकू," नानी म्हणाल्या. "लिही वं, माय."

मी लिहिलं. ठराव लिहिला, सूचकाचं नाव लिहिलं, अनुमोदकाचं लिहिलं. त्या दिवशी जे बोललं गेलं तेवढंच वहीत आहे. वाटलेलं आज लिहिलं.